लग्नातील ग्रूप फोटो : एक दुर्लक्षित दफ्तर

मराठी माणसाला जुन्या दफ्तराचे वेड आहे. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या सुमारास पेशवे दफ्तरातील निवडक कागद छापण्यास घेतले आणि थोड्याच वर्षांत त्यांचे ४५ खंड सिद्ध केले. सवाई माधवरावांचे १७८३ साली पुण्यास लग्न झाले, त्या वेळच्या व्यवस्थेची यादी तर अभ्यासकांच्या नित्य परिचयाची आहे. कोणाकडे कोणते काम, पाहुण्यांची बडदास्त कशी ठेवावयाची, हे सारे त्या कारभारी मंडळींनी लिहून ठेवले. यादी हा आपल्याकडील विवाहाचा मूळ दस्तऐवज होय. सामान्य घरांतही लग्न ठरले म्हणजे प्रथम ‘याद्या’ होत आणि लग्न उरकले म्हणजे आहेराची वही बांधून फडताळात जाई.

यादीच्या जोडीला पुढे आणखी एक कागद घरोघर आला. तो जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला असे, कडेला फोटोवाल्याचे नाव उठावदार अक्षरांत छापलेले असे आणि त्यावर तीसचाळीस माणसे एकाच दिशेला टक लावून पाहात असत. लग्नातला ग्रूप फोटो म्हणतात तो हा. या कागदाकडे इतिहासाचे साधन म्हणून आपण क्वचितच पाहिले. यादीत नावे असतात, चेहरे नसतात. फोटोत चेहरे असतात, नावे नसतात. ही दोन दफ्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे काम अद्याप बहुतेक घरांत व्हावयाचे आहे, आणि ज्यांना ते करता येईल ती वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत.

दाग्वेरच्या छायाचित्रणपद्धतीचा तपशील पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत धंदा मांडला. तेव्हा ही कला आपल्याकडे उशिरा आली, असे म्हणता येणार नाही. लग्नाच्या मांडवात शिरावयास मात्र तिला बराच काळ लागला, आणि त्याचे कारण धर्मभोळेपणापेक्षा रसायनशास्त्रात अधिक सापडते.

१८५१ नंतर जी ओल्या काचेची पद्धत रूढ झाली, तीत काचेवर लेप चढवून, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, ओली असतानाच धुवावी लागे. त्यामुळे फोटोवाल्याबरोबर काळोखी खोली किंवा तंबू हवाच. शिवाय प्रकाश भरपूर असला तरी माणसांनी काही सेकंद निश्चल राहावयास हवे. लग्नघरात कोण निश्चल राहणार? इंग्लंडच्या राणीलाही ते साधले नाही. २५ जानेवारी १८५८ रोजी तिच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. त्या दिवशी वधू मध्ये आणि आईबाप दोहों बाजूंस, असे एक चित्र घेण्यात आले. त्यात वधू व पिता स्पष्ट उमटले आहेत आणि राणीचा चेहरा पुसट आहे. आपण थरथरत होतो म्हणून तो तसा आला, हे तिनेच नोंदवून ठेवले आहे. मुलगी परक्या देशी चालली होती. ज्या चित्रात साम्राज्याची स्वामिनी हलली, त्यात आपल्या वरमाया आणि विहिणी स्थिर राहिल्या असत्या, असे मानण्यास आधार नाही.

म्हणून प्रारंभी वधूवरांनाच स्टुडिओत नेत. मागे रंगविलेला पडदा, त्यावर विलायती खांब व बाग, शेजारी एक तिपाई आणि तीवर फुलदाणी. घरातील बाकीची माणसे त्यात नसत. १८७० नंतरच्या दशकात कोरड्या काचा तयार मिळू लागल्या तेव्हा फोटोवाला तंबूच्या बंधनातून सुटला आणि कॅमेरा, तिवई व काळे फडके घेऊन लग्नघरी जाऊ शकला. याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली आगगाडी १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्याशी जोडली गेली आणि शिकलेला मराठी तरुण पोस्टात, तारखात्यात, रेल्वेत, हिशेबखात्यात लागून दूर जाऊ लागला. एकत्र कुटुंबाचे चित्र म्हणून आपण ज्या फोटोंकडे कौतुकाने पाहतो, ते कुटुंब पांगू लागल्यावर काढलेले आहेत. सारी माणसे नित्य एकाच वाड्यात राहात होती तोवर त्यांना एकत्र बसवून चित्र घेण्याची निकड कोणास भासणार? थोरला इंदुरास, मधला नागपुरास, धाकटा रजा न मिळाल्यामुळे मुहूर्ताच्या आदल्या रात्री पोचलेला, अशी अवस्था झाली, तेव्हा ‘पुन्हा सगळे केव्हा जमतील कोण जाणे’ या शब्दांनी फोटोवाल्याला बोलावणे गेले.

आपल्यासारख्या नोकरदारांना आपलासा वाटावा असा एक पुरुष या कलेच्या इतिहासात आहे. लाला दीनदयाळ हे मीरतजवळच्या सरधना गावचे, जन्म १८४४ चा. रुरकीस शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागले. कचेरीचे काम संभाळून त्यांनी छायाचित्रणाचा छंद धरला, होळकरांचा व गोऱ्या अधिकाऱ्यांचा आश्रय मिळविला आणि पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ त्यातच शिरले. निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. राजेरजवाड्यांच्या चित्रांमुळे त्यांची कीर्ती आहे. परंतु घरगुती इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे १८९२ सालचे एक कृत्य मला अधिक मोलाचे वाटते. सिकंदराबादेस त्यांनी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. पडद्यातील स्त्रीचा चेहरा टिपावयाचा तर टिपणारीही स्त्रीच हवी, हे त्या चतुर माणसाने ओळखले. महाराष्ट्रातील मध्यम वर्गात तसा गोषा नव्हता, पण परक्या पुरुषाने ‘इकडे पाहा’ म्हणावे आणि सुनेने मान वर करून पाहावे, हे काही सोपे नव्हते. जुन्या फोटोंतून स्त्रियांची नजर बहुधा जमिनीकडे किंवा मांडीवरील मुलाकडे असते. हा केवळ लाजेचा भाग नसून तो शिष्टाचार होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या फोटोंविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे लग्नाचे फोटो म्हणावयाचे खरे, पण लग्न त्यांत नाही. अंतरपाट दूर होण्याचा क्षण, अक्षता, सप्तपदी, यांतले काहीही जुन्या काचेवर उमटणे कठीण. मांडवात उजेड नाही आणि माणसे हलतात. आपल्याकडे तर गोरज मुहूर्ताची आवड फार. सूर्य मावळतीला गेला की मंगलाष्टके सुरू होत आणि फोटोवाल्याची काच आंधळी होई. जर्मनीत १८८७ साली मॅग्नेशियमची उजेडाची पूड निघाली. भडका उडवून तिने रात्रीचेही चित्र घेता येई, पण कापडी मांडवात, कागदी पताकांखाली, आगीचा भडका उडविण्यास कोणता यजमान संमती देईल? त्यामुळे ग्रूप बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, परसात किंवा वाड्याच्या चौकात, सावलीची जागा पाहून घेतला जाई. चित्रातली वधू त्यामुळे वधू नसून सून असते. अंगावर सासरचा शालू, कपाळावर मळवट आणि डोळे रात्रभराच्या जागरणाने जड झालेले.

मांडणीकडे पाहावे. मधल्या रांगेत खुर्च्या, त्यांवर वडीलधारे पुरुष, पगडी वा पागोटे, हातात काठी. त्यांच्या मध्यभागी वधूवर. मागे उभे तरुण, काळ्या टोप्या आणि बंद गळ्याचे कोट. स्त्रिया एका बाजूस किंवा अगदी मागे. पुढे जाजमावर मुले. ही रचना आली कोठून? धर्मशास्त्रात ती नाही. लग्नविधीत मामाला मान आहे, करवलीला आहे, वधूच्या भावाला वराचा कान पिळण्याचा अधिकार आहे. प्रत्येकाचे स्थान त्याच्या कामावरून ठरते. ग्रूप फोटोत स्थान ठरते ते वय, हुद्दा आणि पक्ष यांवरून. मला तर या रचनेचे मूळ कचेरीतच दिसते. पलटणीचे, शाळेचे आणि साहेबाच्या निरोपसमारंभाचे फोटो याच शिस्तीने घेतले जात. मध्ये साहेब, शेजारी हेडक्लार्क, मागे कारकून, पायाशी पट्टेवाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी कचेरीत ती शिस्त पाहिली आणि घरच्या अंगणात आणून लावली. ज्येष्ठतेच्या यादीवरून खात्यात होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना खुर्चीवरून व्याही का रुसत, हे निराळे सांगावयास नको.

या कचेरी-शिस्तीतून एक अनपेक्षित सुधारणाही झाली. धर्मकृत्याखेरीज नवराबायकोने वडिलांदेखत शेजारी बसू नये, अशी जुनी चाल. फोटोवाल्याने मात्र ‘जोडप्याने बसा’ म्हटले आणि मंडळी बसली. काळ्या फडक्याखाली डोके घालून तो पाही, तेव्हा घासलेल्या काचेवर अख्खे कुटुंब खाली डोके वर पाय उभे दिसे. ज्या माणसाला सासरे, दीर आणि चुलतसासरे उलटे दिसत, त्याने थोडी उलथापालथ केली तर नवल नाही.

असो. या चित्रांतील स्त्रियांकडे वळतो, कारण माझ्या मते ग्रूप फोटोचे खरे महत्त्व तेथे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. त्यांत वंश पुरुषांच्या नावांनी चालतो आणि सुना नवऱ्याच्या ओळीत येतात. फोटोत मात्र काकूचा चेहरा काकांच्या चेहऱ्याएवढाच असतो. साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या त्या काचेने कोणासाठी अक्षर लहान केले नाही. पण चेहरा उरला आणि नाव गेले. त्यात आपली एक रीत आड येते. लग्नात मुलीचे नाव बदलत. तबकात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहीत. ज्या दिवसाचा हा फोटो त्याच दिवशी नाव पालटले, मग फोटोच्या पाठीवर कोणते लिहावयाचे? माहेरची माणसे एक सांगणार, सासरची दुसरे. बहुतेकांनी काहीच लिहिले नाही.

आमच्या घरी असा एक फोटो आहे. माझ्या आजीच्या लग्नातला, कोकणातल्या घराच्या अंगणात घेतलेला. आमच्या बदल्यांबरोबर तो तीन राज्ये फिरला आणि ओल लागून त्याचा एक कोपरा तपकिरी पडला. आजी आता नव्वदीकडे झुकली आहे. गेल्या रजेत मी तो तिच्यापुढे ठेवला आणि एकेक नाव विचारत गेलो. खुर्चीवरचे पुरुष तिने भराभर सांगितले. स्त्रियांपाशी ती रेंगाळली. एकीचे माहेरचे नाव आठवेना, दुसरीचे सासरचे. मग तिचे बोट चित्राच्या चौकटीबाहेर गेले आणि भिंतीवर टेकले. “इथे दार होते. दाराआड वन्सं उभ्या होत्या. त्यांचे दिसणार नाही.”

या वन्सं म्हणजे माझ्या आजोबांच्या बालविधवा बहीण. दोन दिवसांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. मंगलकार्यात विधवेने समोर येऊ नये, या दंडकाप्रमाणे त्यांनी मांडवात पाऊल घातले नाही आणि फोटोत बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुण्यात विधवेशी विवाह केला, त्याला तेव्हा अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. सुधारणा पुस्तकांतून पुष्कळ झाली होती, पण आमच्या अंगणातील सतरंजीपर्यंत ती पोचली नव्हती. त्याच लग्नाची आहेराची वही घरात आहे. तीत मोडीवळणाच्या देवनागरीत एक ओळ आहे : आक्का, एक खण व दोन रुपये. घराने त्यांचे दोन रुपये मांडून घेतले, चेहरा मांडून घेतला नाही. वही नसती तर त्या बाई या लग्नास हजर होत्या, याचा लेखी पुरावा उरला नसता. आणि फोटो नसता तर वहीतील त्या ओळीचा अर्थ मला कळला नसता.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९३० च्या सुमारास काचेचे प्रकाशदिवे निघाले, भडक्याची भीती गेली आणि कॅमेरा हळूहळू मांडवात शिरला. मग अंतरपाट आणि अक्षता दिसू लागल्या, सूनमुख दिसू लागले. सासूने आरशात सुनेचे मुख पाहण्याचा तो विधी. एका चौकटीत दोघींचे चेहरे आणण्याची ही युक्ती आपल्याकडे कॅमेऱ्याआधीची आहे. स्वातंत्र्योत्तर काळात फिल्म परदेशातून येई व महाग पडे. केंद्र सरकारने १९६० साली उदकमंडलम येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना काढला आणि १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. आज तो कारखाना बंद आहे. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक हा साधा कॅमेरा त्या काळी हौशी काकामंडळींच्या गळ्यात असे. एका रोलवर बारा चित्रे. बारांत लग्न बसवावयाचे म्हणजे कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, याचा विचार होई. त्या बारांतले एक ठरलेले असे : सगळ्यांचा ग्रूप. १९५६ साली केंद्र सरकारी नोकरांना स्वग्रामी जाण्यासाठी रजा-प्रवास सवलत मिळू लागली आणि दिल्ली-कलकत्त्याची बिऱ्हाडे गावच्या लग्नांतून, म्हणजे पर्यायाने गावच्या फोटोंतून, पुन्हा दिसू लागली असावीत. तिघांचा फोटो काढू नये, या समजुतीपायी रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्यालाही त्यात उभे केलेले असे. अशा परक्याने पुढे किती संशोधकांना चकविले असेल!

आता लग्नात हजारांनी चित्रे निघतात आणि ती फोनमध्ये राहतात. विवाह-नोंदणीच्या अर्जाला लग्नाचा फोटो जोडावा लागतो; ज्या कागदाने कचेरीची शिस्त घरात आणली तोच आता परत कचेरीच्या फायलीत जाऊन बसला आहे. फायलीतल्या त्या फोटोत मात्र दोघेच असतात. ग्रूप अजूनही घेतला जातो, जेवणाच्या घाईत, व्यासपीठावर, पाहुण्यांची एक तुकडी उतरली की दुसरी चढते. सर्वांना एकदम बसवणे होत नाही. विधवा आई आता मुलाच्या शेजारी उभी असते, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. नावे अजूनही कोणी लिहीत नाही.

आजीबरोबर बसून मी त्या फोटोची यादी केली. पातळ कागदावर माणसांच्या बाह्यरेषा उतरवून प्रत्येकीवर क्रमांक घातले आणि दुसऱ्या कागदावर नावे. सुनांची दोन्ही नावे, आधी माहेरचे, मग सासरचे. आहेराच्या वहीशी ताडून पाहता आजीला न आठवलेली सहा नावे लागली. एकूण एकेचाळीस माणसे. पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने लिहिले, कारण शाई पुढच्या बाजूस फुटते. बेचाळिसावा क्रमांक उजव्या कडेबाहेर घातला आणि त्यापुढे लिहिले : दाराआड, आक्का. त्यांचे पाळण्यातले नाव आजीला ठाऊक होते, तेही लिहिले.

एक नाव राहिले. जाजमावर डावीकडून चौथा, पाचसहा वर्षांचा मुलगा. काच उघडली तेव्हा त्याने मान वळविली, त्यामुळे त्याला दोन तोंडे आली आहेत आणि एकही ओळखता येत नाही. आजी म्हणाली, तो वऱ्हाडातल्या मंडळींबरोबर आला असावा. वऱ्हाडात त्या घरची एक वृद्ध बाई अद्याप आहेत. त्यांना फोटोची प्रत टपालाने पाठविली आहे.